लोकपाल: कायदा आणि इच्छाशक्ती यांमधली पाच वर्षे

कायदे अधिक कडक केले की भ्रष्टाचार आपोआप आटोक्यात येईल, हे मत मला पटत नाही, कारण लोकपालाचा, म्हणजे लोकसेवकांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेचा, इतिहास नेमके याच्या उलट सांगतो. लोकपाल विधेयक लोकसभेत पहिल्यांदा 1968 साली मांडले गेले. ते संमत व्हायला 2013 साल उजाडले, आणि त्यासाठीही मोठे जनआंदोलन उभे राहावे लागले. जानेवारी 2014 मध्ये कायदा लागू झाला, तरी पहिले लोकपाल नेमले गेले ते मार्च 2019 मध्ये. लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसल्यामुळे निवड समिती अपूर्ण आहे, असे कारण मधल्या काळात दिले जात होते. वास्तविक समितीतील एखादी जागा रिक्त आहे एवढ्याच कारणाने नेमणूक अवैध ठरणार नाही, अशी स्पष्ट तरतूद मूळ कायद्यातच होती, आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक लांबवण्यास कारण नसल्याचे सांगितल्यानंतरही जवळपास दोन वर्षे गेली. ही मला अत्यंत क्लेशदायक गोष्ट वाटते.

जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा 2014 साली संमत होऊनही वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही. याउलट 2018 साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 17अ घालून, लोकसेवकाच्या अधिकृत निर्णयांच्या चौकशीआधी सरकारची परवानगी बंधनकारक करण्याची दुरुस्ती मात्र लगेच लागू झाली. म्हणून निवडणुकीतील उमेदवारांकडे नवा कायदा मागण्यापेक्षा, असलेल्या कायद्यांखालील नेमणुका किती दिवसांत करणार आणि ते लागू करणाऱ्या अधिसूचना किती दिवसांत काढणार, हे त्यांना विचारावे.