मुखडा नको, अंतरा सांगा! (अनुभव धागा)

इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरी उन्हाळ्यात लाइट गेली की गच्चीवर सतरंजी पडायची आणि खेळ सुरू व्हायचा. हिंदी गाण्याची ओळ घ्यायची, तिचं शब्दशः मराठी करायचं आणि चाल अजिबात न लावता, बातम्या वाचल्यासारखी सांगायची. बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. आजीच्या तोंडून भलंभलं विरहगीतसुद्धा नगरपालिकेला केलेल्या अर्जासारखं वाटायचं. मुखडा फक्त पोरांनी घ्यायचा. मोठ्यांनी अंतरा, तोही दुसरा. एका अंतऱ्यापायी काका तीन रात्री तळमळला आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरातून ओरडला, "मिळालं!" तोवर आजी तो अंतरा विसरली होती.

तुमच्याकडे असं काही? सिनेमाच्या बातम्याही चालतील. आमच्या सतरंजीवर कुणाचं लग्न मोडलं तेही त्याच सुरात निघायचं.

शेव-परमल
आमचा वार बुधवार. रात्री आठ, रेडिओ सिलोन. 'बिनाका गीतमाला' १९५२ला सुरू झाली तेव्हा बाबा शाळेत होते. मला कळायला लागलं तोवर त्यांच्या चार वह्या भरलेल्या. पायदानं (म्हणजे गाण्यांचे क्रमांक) लाल शाईने, शब्द निळ्या. सिलोनचा आवाज लाटेसारखा यायचा-जायचा आणि नेमका अंतऱ्यात बुडायचा. बाबा जागा रिकामी सोडायचे नाहीत, मात्रा मोजून पदरचे शब्द भरायचे. पुढे कॅसेटी आल्या आणि खरे शब्द कळले. दोन ठिकाणी बाबांचेच बरे होते, कुणी काही म्हणो. फेब्रुवारी २०२४मध्ये गीतमालेचे निवेदक अमीन सयानी गेले त्या संध्याकाळी वह्या खाली काढल्या. लाल शाई पार गुलाबी झालीय.

पोहे-जिलबी
ख्रिश्चन कॉलेजात शिकलेय, त्यामुळे हे सांगणं भागच आहे. किशोरकुमार खंडव्याचे, पण कॉलेजला इथे. कँटीनची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तोच आकडा 'चलती का नाम गाडी'तल्या (१९५८) गाण्यात गेला, असं इथला प्रत्येक जण पाहिल्यासारखं सांगतो. भाच्याला कोडं घातलं, "उधारीचा आकडा असलेलं गाणं कुठलं?" तर म्हणतो, "आणे म्हणजे?" मग रुपयाचे सोळा आणे, बारा म्हणजे पंचाहत्तर पैसे, सगळं झालं. त्यावर, "मावशी, मग सरळ पावणेसहा म्हणायचं ना!" म्हटलं, बसव चालीत. अजून बसवतोय.

सराफ्यातला भुट्टा
पुण्याच्या पाहुण्यांना सांगावं की लताबाई २८ सप्टेंबर १९२९ला इंदुरात, शीख मोहल्ल्यात जन्मल्या, की लगेच, "पण मूळच्या गोव्याच्या ना?" हो बाबा, मंगेशी गोव्यातच आहे. पहिला 'सा' मात्र आमच्याकडे लागला. आता तिथे कापडाचं दुकान आहे. जॉनी वॉकर आणि सलीम खानही इंदूरचेच, तेही लिहून घ्या.

आत्याबाई
आमच्या फॅमिली ग्रुपने एका ज्येष्ठ नटाला तीनदा श्रद्धांजली वाहिली आहे. नट ठणठणीत.

राजवाड्यामागे
आवाजाचं बोलू का? २०२४ला ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ सिनेमासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा आणले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला. तिथे माझी तक्रार नाही. तक्रार मेव्हण्याबद्दल आहे. त्याने पाठवलं, 'लतादीदींच्या आवाजात परवाचं गाणं'. आम्ही सगळे वा-वा करत बसलो. सासरे ऐंशीचे, एका कानात यंत्र. त्यांनी फोन कानाशी धरला, डोळे मिटले, पूर्ण कडवं ऐकलं आणि विचारलं, "ही बाई श्वास कधी घेते?"

मी म्हटलं, बाबा, लताबाईंचाही श्वास कुठे ऐकू यायचा? संगीतकार अनिल विश्वासांनी ते तंत्र शिकवलं, असं त्या स्वतः सांगायच्या. सासरे म्हणाले, "ऐकू यायचा नाही, पण कुठल्या शब्दाआधी घेतला ते कळायचं." मग यंत्र काढून ठेवलं. मेव्हण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

लोकमान्यनगरची धाकटी
माझ्या पोरी रीलवर वाढल्या. गाणं ओळखण्यात पटाईत, सुरुवातीच्या दोन ठोक्यांत सांगतात. अंतरा विचारला तर "त्याला पुढे पण आहे?" यांना दोष काय देणार, तीस सेकंदांत मुखडाही जेमतेम मावतो. गीतकाराचं नाव तर सोडूनच द्या. गीतमालेत ते उच्चारलं तरी जायचं.

धागाकर्ती
शेव-परमल, तुमच्या बाबांच्या वह्यांचं वाचून आजीची ट्रंक उघडली. एक वही निघाली, किराण्याच्या हिशेबामागे गाणी. एका पानाचा वरचा भाग कसरीने खाल्लाय, मुखडा गेला. खाली दोन अंतरे शाबूत, आजीच्याच मराठीत: ती दारात उभी, दिव्यात तेल संपत आलेलं, आणि तो अजून स्टेशनवरच. शेजारी 'तूरडाळ २ किलो'. न्हाणीघरवाल्या काकाला फोनवर वाचून दाखवलं. आज दुसरी रात्र आहे.