एंडोसल्फानच्या वादात पुराव्याचा भार कोणावर?

पाषाणकर :
मार्केट यार्डातल्या दुकानात कीटकनाशकाची बाटली हातात घेतली तर लेबलावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण दिसतो. हा रंग मुख्यत्वे उंदरांना एकदम दिलेल्या मात्रेवरून ठरतो. तेच औषध वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेले तर काय होते, हे त्यावरून कळत नाही. केरळातल्या कासरगोडमध्ये प्रश्न नेमका हाच होता. तिथल्या सरकारी काजूबागांवर २००० सालापर्यंत सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फवारणीच्या गावातले ११७ आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावातले ९० शाळकरी मुलगे तपासले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गावातले मुलगे उशिरा वयात येत असल्याचे दिसले. उद्योगाच्या बाजूने लगेच पद्धतीवर आक्षेप आले. आक्षेप घेणे हे विज्ञानच आहे, पण निर्विवाद पुरावा मिळेपर्यंत विक्री चालू ठेवा, ही मागणी व्यापाराची आहे. १९६९ साली एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हेच आपले उत्पादन’ अशा अर्थाचे वाक्य होते, हे विसरू नये.

भोसरीकर :
माझी नोकरी रसायन उद्योगातच झाली, म्हणून स्पष्ट लिहितो. त्या अभ्यासातून मुलांच्या वयात येण्याबद्दल काही म्हणता येईल. एंडोसल्फानविरोधी चळवळीने मात्र परिसरातल्या जवळपास प्रत्येक व्यंगाचे आणि कर्करोगाचे खापर एकाच रसायनावर फोडले. आजारी मुलाचे छायाचित्र काळीज हलवते, पण आजाराचे कारण सिद्ध करत नाही. शिवाय विहिरी-ओढ्यांवरून गेलेले हेलिकॉप्टर आणि कापसातला पाठीवरचा पंप यांना एकच न्याय कसा लावणार? पर्यायांचा धोकाही कोणी मोजला नाही. मोनोक्रोटोफॉस या दुसऱ्या कीटकनाशकावर लाल, म्हणजे सर्वांत विषारी गटाचा त्रिकोण आहे, आणि २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते एंडोसल्फानवर बंदी आल्यानंतरच.

पाषाणकर :
छायाचित्रांबद्दल तुमचे म्हणणे मान्य. पण कोणता आजार कशामुळे झाला हे वेगळे काढायला फवारणीच्या तारखा, मात्रा आणि आधीच्या आरोग्यनोंदी लागतात. फवारणाऱ्यांनी त्या सुरुवातीपासून ठेवायच्या असतात. आजारी मुलाच्या आईने त्या कुठून आणाव्यात? सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला, तो शास्त्रज्ञांचे एकमत होण्याची वाट न पाहता, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

भोसरीकर :
नोंदणीच्या वेळी कंपन्यांनी दिलेली विषाक्ततेची कच्ची आकडेवारी खुली करावी, याला माझा पाठिंबा आहे. मात्र पाण्याचे चार नमुने तपासून पत्रकार परिषद घेणाऱ्या संस्थांनीही नमुने कुठून, कधी घेतले आणि कोणत्या प्रयोगशाळेत तपासले, हे त्याच दिवशी जाहीर करावे.