वडिलांसाठी चालू स्थितीतला व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ घ्यायचा आहे (मर्यादा ८,००० रुपये)

मृण्मयी_क (कोल्हापूर)
नमस्कार. माझे वडील या वर्षी ऐंशी पूर्ण करत आहेत. गारगोटीच्या आमच्या जुन्या घरी आजोबांनी घेतलेला मर्फीचा लाकडी रेडिओ होता. घर विकताना तो भंगारात गेला, आणि त्याची हळहळ वडील आजही बोलून दाखवतात. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकायला अर्धी गल्ली आमच्या पडवीत जमायची, हे त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यांना तशाच धाटणीचा, लाकडी कपाटाचा आणि खरोखर लागणारा रेडिओ द्यावा अशी माझी इच्छा आहे. दुरुस्तीसह ८,००० रुपयांपलीकडे जाणे मला शक्य नाही. कुठे पाहावा आणि घेताना काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावकर
ताई, घ्यायचाच असेल तर जर्मन बनावटीचा ग्रुंडिग घ्या. मी मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून पियानोसारख्या पांढऱ्या बटनांचा १९५० च्या दशकातला संच २२,००० रुपयांना घेतला आणि त्या पैशाचे सार्थक झाले असे मी छातीठोकपणे सांगतो. त्याचा खर्ज आजच्या कुठल्याही स्पीकरमध्ये नाही. शिवाय त्या काळातल्या जर्मन संचांना एफएम पट्टा असतो, जो आपल्याकडच्या मर्फी-बुशला नसतो. ८,००० रुपयांत चांगली वस्तू मिळेल ही आशा सोडा.

रेडिओकाका (सांगली)
गिरगावकर, तुमच्या संचाचा पट्टा बहुधा १०० मेगाहर्ट्झला संपत असेल, कारण त्या काळच्या जर्मन संचांवर एफएम तेवढेच असे. मुंबईत विविध भारती १०२.८ वर आहे. मग एफएमचा उपयोग काय?

गिरगावकर
विविध भारती लागत नाही, हे खरे. पण इतर केंद्रे उत्तम लागतात.

नवी_पेठ
मी जरा वेगळे सुचवतो. २०१७ मध्ये सारेगामाचा कारवाँ आला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, आत पाच हजार गाणी, आणि एफएमही आहे. माझ्या सासऱ्यांना तो दिल्यापासून ते दिवसभर समाधानी असतात. ना शॉकची भीती, ना दुरुस्तीचा शोध. वडिलांना गाणी ऐकायची आहेत की लाकूड पाहायचे आहे, हे आधी ठरवावे.

व्हॉल्व्हवेडा (ठाणे)
व्हॉल्व्ह तापायला लागणारा अर्धा मिनिट, हळूहळू उजळणारा मॅजिक आय हा हिरवा दर्शक दिवा आणि स्टेशन नेमके लागताच त्याच्या आकसणाऱ्या कडा, हा अनुभव कारवाँ देऊ शकत नाही. ताईंनी रेडिओ मागितला आहे, गाण्यांची पेटी नव्हे.

बुधवारचा_ग्राहक (पुणे)
माझ्यावर जे गुदरले ते सांगतो, म्हणजे इतरांवर गुदरणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला 'एकदम चालू' म्हणून सुंदर लाकडी संच दाखवला. बटन फिरवताच क्षणार्धात खणखणीत आवाज आला आणि मी भाळलो. घरी मागचा पुठ्ठा काढला तर आत एकही व्हॉल्व्ह नव्हता. तळहाताएवढे चिनी एफएम किट गरम गोंदाने चिकटवले होते आणि डायलचा काटा एका जागी पक्का बसवला होता. म्हणून मागचा पुठ्ठा काढून दाखवल्याखेरीज पैसे देऊ नका. आणि बटन लावताच आवाज आला तर आत व्हॉल्व्ह नाहीत, असे समजा.

रेडिओकाका (सांगली)
बुधवारचा_ग्राहक यांचे शेवटचे वाक्य मृण्मयीताईंनी वहीत लिहून ठेवावे. आता तपासणीचे सांगतो; ऐंशीच्या दशकापासून रेडिओ दुरुस्तीचेच काम करत आलो आहे.

सर्वांत आधी संच फक्त एसीवर चालणारा आहे की एसी/डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा), हे पाहा. मागच्या पुठ्ठ्यावर ते छापलेले असते. पुठ्ठा हरवला असेल तर व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचा. यूसीएच ८१, यूएल ८४ असे 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील तर त्या संचात घरच्या विजेपासून संच वेगळा ठेवणारा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी चॅसी (आतला सांगाडा) थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. पिन उलटी बसली किंवा नॉबचा स्क्रू उघडा पडला, तर हात लावणाऱ्याला जीवघेणा झटका बसू शकतो. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या खोलीत असा संच नको. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ असे 'ई'चे व्हॉल्व्ह आणि वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला एसी संच घ्या.

दुसरे म्हणजे, अनेक वर्षे बंद असलेला संच थेट प्लगमध्ये लावून पाहू नका आणि विक्रेत्यालाही लावू देऊ नका. आतले मेणकागदी कंडेन्सर (विजेचा भार साठवणारे सुटे भाग) एव्हाना गळके झालेले असतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या ईएल ८४ च्या) ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, येणारा एक छोटा कंडेन्सर गळका असला, तर त्या ईएल ८४ ची प्लेट लालबुंद होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर काही रुपयांचा, ट्रान्सफॉर्मरची तार मात्र नव्याने गुंडाळून घ्यावी लागते. पहिली चाचणी नेहमी सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बमधून मग संचात जाईल अशा जोडणीत, जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा बल्ब ठेवूनच करावी. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून तत्काळ बंद करावे.

नवी_पेठ
जीवघेणा झटका बसू शकतो, हे काकांनीच लिहिले आहे. मी म्हणतो, कारवाँ घ्या.

लोणावळा_पॉइंट
एक दुरुस्ती सुचवतो. आकाशवाणीने सिनेसंगीतावर बंदी घातली म्हणून लोक सिलोनकडे वळले, असे सर्रास सांगितले जाते. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि गीतमालाही त्याच वर्षी सुरू झाली, हे खरे. पण निर्मात्यांशी चित्रपटाचे नाव जाहीर करण्यावरून झालेला वादही त्यामागे होता.

व्हॉल्व्हवेडा (ठाणे)
कारण कोणतेही असो, ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली, यातच सिलोनची ताकद दिसते. आणि आपल्या पुणे केंद्राला कमी लेखू नका. १९५५ च्या रामनवमीपासून तिथून 'गीतरामायण' प्रसारित होत असताना लोक रेडिओला हार घालत होते, असे माझी आजी सांगत असे.

लोणावळा_पॉइंट
पुणे केंद्राला कोणीही कमी लेखलेले नाही.

डेट्रॉइटकर
मागच्या बाजूला 'पीयू' (पिकअप) किंवा ग्रामोफोनसाठीचे सॉकेट असेल तर त्यात छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडा. वडिलांना मोबाइलवरून हवी ती जुनी गाणी त्याच व्हॉल्व्हच्या आवाजात ऐकता येतील. मी इथे आईसाठी तसेच केले आहे.

रेडिओकाका (सांगली)
सूचना चांगली आहे, मात्र एसी/डीसी संचाला ती कदापि लागू करू नये. ताई, आणखी एक. खरेदीपूर्वी साधा ट्रान्झिस्टर घेऊन घरी मध्यम लहरींवर काय लागते ते पाहा. बरेच प्रक्षेपक बंद झाले आहेत. रात्री दूरची केंद्रे लागतात, पण एलईडी दिवे आणि चार्जर यांची घरघर मध्ये येते. पूर्वी भिंतीलगत ताणत असत तशी तांब्याच्या जाळीची पट्टी आता पुरणार नाही. गच्चीवर लांब तार बांधावी लागेल.

गिरगावकर
आणि बंद संच अजिबात घेऊ नका. चालूच घ्या, थोडे जास्त पैसे टाका.

बुधवारचा_ग्राहक (पुणे)
सहमत. बंद संच नकोच, आणि पुठ्ठा काढून पाहाच.

मृण्मयी_क (कोल्हापूर)
सर्वांचे मनापासून आभार. मी बंद असलेला संच घेतला आहे. गिरगावकर आणि बुधवारचा_ग्राहक यांचा सल्ला डावलला याबद्दल राग नसावा. त्यामागचे कारण सांगते. 'चालू' म्हणून दाखवलेल्या प्रत्येक संचात कोणीतरी हात घातलेला दिसला. कुठे किट, कुठे ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून जोडलेल्या तारा. हा संच मात्र इचलकरंजीच्या एका घरात माळ्यावर तसाच पडून होता. आतल्या जोडण्यांवर धुळीचा अखंड थर होता, सोल्डरचा एकही नवा डाग नव्हता, सगळे व्हॉल्व्ह 'ई'चे होते आणि पुठ्ठ्यावर 'फक्त एसी' असे होते. मर्फी नाही, फिलिप्स आहे. ४,००० रुपयांना मिळाला.

ब्लूटूथ तूर्त जोडणार नाही. ट्रान्झिस्टरवर आमच्याकडे रात्री दोन केंद्रे स्पष्ट लागली, आणि वडिलांना काटा फिरवत केंद्र शोधण्यातच गोडी आहे. काका, उरलेल्या ४,००० रुपयांत सगळे कागदी कंडेन्सर बदलून डायलची तुटलेली दोरी ओवून होईल का? होणार असेल तर येत्या रविवारी संच घेऊन सांगलीला येते.

रेडिओकाका (सांगली)
होईल. या. प्लगमध्ये लावून पाहू नका, आणि व्हॉल्व्ह काढून कागदात वेगवेगळे गुंडाळून आणा. कोणता कुठे बसला होता त्याचा फोटो आधी काढा.