कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात, मोटारही चांगली, तरी रेडिएटर फॅन फिरत नाही

बॉनेटउघडं:
पेट्रोल गाडी, एकच फॅन, एकच स्पीड. ट्रॅफिकमध्ये अडकलं की तापमानाचा काटा चढतो, गाडी पळायला लागली की उतरतो. एसी लावला तरी फॅन ढिम्म. ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. रिलेच्या (फॅनचा करंट चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) जागी तसाच दुसरा, हॉर्नचा रिले लावून पाहिला, फरक नाही. फॅनचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२.४ व्होल्ट दिसतात. मोटारीला बॅटरीवरून थेट वायर दिल्या तर झकास फिरते. सप्लाय येतोय, मोटार फिरतेय, मग अडतंय कुठे? ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) गेला असेल का?

तांब्याचीतार:
ईसीयूला हात लावू नका. कनेक्टरवर १२.४ आले म्हणजे त्याने रिले ओढलाय, त्याचं काम तिथे संपलं. गोम मोजण्यात आहे. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. मोटारीला १०-१५ अँपिअर लागतात. वाटेत एखादं टर्मिनल जळून नावापुरतं टेकलेलं असलं तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसणारच. कंटिन्युइटीचा (तार सलग आहे का ते सांगणारा) बीपसुद्धा असाच फसवतो.

कनेक्टर जोडलेला ठेवा आणि वायरच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन आत सरकवून मोजा. फॅन चालू करायला इग्निशन ऑन करून कुलंट टेंपरेचर सेन्सरचा प्लग काढा, बहुतेक गाड्यांत ईसीयू लगेच फॅनची ऑर्डर देतो. (फॉल्ट कोड पडेल, नंतर पुसावा लागेल.) तीन रीडिंग घ्या: मोटारीच्या दोन पिनांमध्ये, बॅटरी प्लस ते मोटार प्लस, आणि मोटार मायनस ते बॅटरी मायनस. फॅन चालताना प्लसच्या बाजूला ०.५ आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप (वाटेत पडणारं व्होल्टेज) चालत नाही. हात, बाही, वायर पात्यांपासून लांब. फॅन कधीही फिरायला लागतो.

मीटरवाला:
सरळ डॅशबोर्डवर स्विच बसवून बॅटरीवरून फॅन चालवा, कटकट मिटेल.

तांब्याचीतार:
मिटणार नाही, जागा बदलेल. डॅशबोर्डचे साधे स्विच इतका करंट फार काळ झेपवत नाहीत, आणि गर्दीत स्विच टाकायचा राहिला तर हेड गॅस्केट जाते.

बॉनेटउघडं:
रीडिंग घेतली. बॅटरी १२.२. मोटारीच्या पिनांवर फक्त २.९! अर्थच्या बाजूला ०.०८, प्लसच्या बाजूला ९.२.

तांब्याचीतार:
अर्थची बाजू ठीक आहे. आता प्लसचा रस्ता तुकड्यातुकड्याने मोजा: बॅटरी ते फ्यूजची अलीकडची बाजू, मग फ्यूजच्या दोन टोकांवर (ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर प्रोबसाठी उघडे ठिपके असतात). रिले अर्धा उचलला की पायांच्या कडा दिसतात, तिथे ३० ते ८७ (हे पायांचे नंबर: ३० वर बॅटरीचा प्लस येतो, ८७ वरून तो फॅनकडे जातो). शेवटी ८७ चा पाय ते मोटार प्लस. एका वेळी ५-१० सेकंदच चालू ठेवा. मोटार अडकलेली असताना ९ व्होल्ट एका सांध्यावर पडतात आणि १० अँपिअर वाहतात असं धरलं, तर त्या टिचभर जागेत ९० वॉट उष्णता होते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरे.

बॉनेटउघडं:
फ्यूजपर्यंत ०.०५, फ्यूजवर ०.०३, ३० ते ८७ दरम्यान ०.१, आणि ८७ पासून पुढे ९! मग बॅटरीची मायनस वायर काढून सॉकेट उलटा केला. ८७ चं टर्मिनल तपकिरी-निळसर झालंय, रिलेचा पाय त्यात हलतो. मागची वायर बोटभर कडक झालीय. आता सँडपेपर मारून टर्मिनल जरा दाबून बसवू का?

तांब्याचीतार:
नको. तापून स्प्रिंगचा ताण गेलेलं टर्मिनल दाबलं तरी पकड टिकत नाही, आणि घासलं की वरचा टिनचा थर जातो. वायर मागे, तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापा. काळे पडलेले तंतू क्रिंपमध्ये (टर्मिनल वायरवर दाबून आवळतात तो सांधा) पकड घेत नाहीत. कमी पडली तर ४ चौरस मिमीची ऑटो वायर जोडा. नवीन टर्मिनल रिलेच्या पायाच्या रुंदीचंच घ्या, ६.३ मिमी आणि ९.५ मिमी दोन्ही प्रकार असतात. क्रिंप करा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). नुसत्या सोल्डरच्या डागावर भागवू नका: डाग जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि कंपनाने तुटते. सॉकेटचं प्लास्टिक वाकलं असेल तर वायरसकट नवा सॉकेट.

घासलेलाब्रश:
टर्मिनल का जळलं तेही बघा. बुश घासून मोटार जड झाली असेल तर ती जास्त करंट ओढते आणि नवं टर्मिनलही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल. बॅटरीवर थेट फिरली एवढ्यावर तिला चांगली म्हणू नका. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा) लावा. फक्त एसी करंट मोजणारा साधा क्लॅम्प इथे बिनकामाचा, आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून मोजायला गेलात तर मीटरचा फ्यूज उडेल. सुरू होताना क्षणभर करंट दुप्पट-तिप्पट होतो, ते ठीक. नंतर ३० च्या फ्यूजवर तो २० च्या खाली स्थिरावला पाहिजे. २५ च्या आसपास रेंगाळला तर मोटार बदला. फॅन हाताने फिरवून बघा (बॅटरी काढलेलीच असू द्या): खरखर, अडखळणं, शाफ्टला आडवा खेळ, यातलं काहीही असलं तरी तेच. ४० चा फ्यूज मात्र घालू नका, मग वायरच फ्यूजचं काम करेल.

ज्यांच्या फॅनला दोन स्पीड आहेत त्यांच्यासाठी: एसी लावल्यावर फॅन गप्प आणि इंजिन खूप तापल्यावर एकदम जोरात, असं होत असेल तर आधी लो स्पीडचा रेझिस्टर तपासा. फॅनच्या श्राउडवर (भोवतालच्या प्लास्टिकच्या चौकटीवर) असतो, बहुधा आतला थर्मल फ्यूज उडालेला सापडतो.

तांब्याचीतार:
क्लॅम्पचं बरोबर. काम झाल्यावर फॅन सलग १० मिनिटं चालवा, किल्ली बंद करून रिले उपसा आणि ८७ चा पाय बोटाने चाचपा. कोमट असला तर ठीक. बोट ठेववत नसेल तर क्रिंप पुन्हा करा. आणि सेन्सरचा प्लग परत लावायला विसरू नका.