अंगणवाडीत पटावर पोरं आहेत, खोलीत नाहीत. चूक कुणाची?

तालुकेकर: आमच्या गावाला नगरपरिषद आहे, वॉर्डावॉर्डात अंगणवाडी आहे. रजिस्टर भरलेलं, पण सकाळी डोकावलं तर सतरंजीवर सहा-सात पोरं, बाकीची टाय लावून व्हॅनमधून इंग्लिश मिडीयम नर्सरीला, आणि त्यांच्याच आया टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, न्यायला बरोबर हजर. सरळ सांगतो, शिकवत नाहीत म्हणून कोणी पाठवत नाही.

सेविकेचा पोरगा: टीएचआर तीन वर्षांच्या आतल्या पोरांना असतो दादा, तीन ते सहावाल्यांना तिथंच गरम जेवण. ती आई धाकट्याचं न्यायला येते, त्यात चोरी कसली? आणि शिकवायचं कधी? मोबाईलच्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरा, वजन-उंची घ्या, गृहभेटी करा, लसीकरणाला आया गोळा करा, वर बीएलओ, म्हणजे निवडणुकीचे बूथ अधिकारी, म्हणून मतदार याद्या. तेही मानधनावर, पगार म्हणत नाहीत त्याला. डिसेंबर २०२३ मध्ये संप केला तेव्हा "पोरांचे हाल" म्हणून ओरडणारे हेच लोक होते.

दोन पोरांची आई: माझा मुलगा नर्सरीत आहे, हौस म्हणून नाही. आमच्याकडे नावाजलेली शाळा नर्सरीपासूनच सीटा भरते, पहिलीला दारात उभं करत नाही. आणि आमच्या वॉर्डातली अंगणवाडी भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत, संडास नाही, समोर गटार उघडं. बाई चांगल्या आहेत हो, पण मार्चमध्ये त्या पत्र्याखाली तासभर बसून दाखवा.

जुन्या बालवाडीताई: नर्सरीत तरी काय चाललंय, साडेतीन वर्षांच्या पोराला चार रेघी वहीत एबीसीडी गिरवायला आणि वर होमवर्क! बोटांत ताकद तरी आलेली असते का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते गाणी, गोष्टी, मणी, माती यांवरच. २०२० चं शैक्षणिक धोरणही खेळातून शिका हेच सांगतं. पण आईबापाला वहीवर लाल टिक दिसली पाहिजे.

तालुकेकर: ताई, मान्य, पण मणी-माती तरी आहे का तिथं? आलेलं खेळण्यांचं किट कपाटात, पोरं त्यातलं काही हरवतील म्हणून.

सेविकेचा पोरगा: हरवलं तर भरून कोण देणार, तुम्ही?

दोन पोरांची आई: भांडू नका, नगरपरिषदेच्या शाळेत दोन वर्ग रिकामे पडलेत, तिथं हलवा ना अंगणवाडी. संडास आहे, नळ आहे, मैदान आहे.

सेविकेचा पोरगा: आईनं अर्ज दिलाय. शाळा नगरपरिषदेची, अंगणवाडी महिला बालविकासची. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि ते म्हणतात वरून लेखी आणा.