चेटकिणीच्या घरी चहाला कोण कोण येणार?

मेतकूट:
गेल्या पावसाळ्यात आईच्या ऑपरेशननंतर दोन महिने मी तिच्याच खोलीत झोपत होते. झोप कसली, दर दोन तासांनी उठायचंच. तेव्हा संगू मंदाण्णाची 'द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इररेग्युलर विचेस' (२०२२) हाती लागली. तेव्हापासून चेटकिणींच्या असल्या ऊबदार प्रेमकथा दहाबारा तरी वाचून झाल्या. भाऊ म्हणतो, "एवढी शिकलेली तू, हे काय वाचतेस?" म्हणून हा धागा.

माझ्या मते यात जादू नावाला असते. खरी गोष्ट असते कुणीतरी आपल्याला घरात घेण्याची. मिका मून भारतात जन्मलेली, अनाथ, इंग्लंडात वाढलेली. चेटकिणींनी एकमेकींपासून लांब राहायचं हा नियम. भेटायचं तीन महिन्यांतून एकदा, तेही चोरून. मग तिला नॉरफकमधल्या एका घरात तीन चिमुरड्या चेटकिणींना शिकवायचं काम मिळतं. तिथे एक म्हातारं जोडपं (दोघेही पुरुष), घर सांभाळणारी बाई आणि एक तुसडा ग्रंथपाल. ग्रंथपालाचं पुढे काय होणार ते लगेच कळतं. कळू दे की! मी रडले ते वेगळ्याच जागी. आपण कामाला येतो तोवरच लोक आपल्याला ठेवून घेतात, असं मिकाला आयुष्यभर वाटत आलेलं असतं. रात्री तीन वाजता, हातात औषधाची वाटी घेऊन हे वाचून बघा.

खडूसराव:
आईंना आता बरं असेल अशी आशा. पुस्तकाबद्दल मात्र असहमत.

गावात चहाचं नाहीतर पावाचं दुकान, खिडकीत मांजर, तुसडा पण मनाने सोनं असलेला नायक, शेवटाकडे एक गैरसमज आणि मग सगळं गोड. नावं बदला, पुढचं पुस्तक तयार. टीका करायची तर वाचून करावी म्हणून याच बाईंचं लँकाशरमधल्या सरायीचं पुस्तक (२०२५) वाचलं. सुरुवात झकास. सेरा आपल्या मेलेल्या आजेमावशीला जिवंत करते आणि त्यापायी स्वतःची जादू गमावते. याला म्हणतात किंमत! पण पुढे पुस्तकभर ती किंमत हप्त्याहप्त्याने परत मिळवायची खटपट. ज्या जगात काहीच कायमचं जात नाही, तिथे मी कशासाठी जीव टांगणीला लावू? (त्यातली कोल्हीण मात्र आवडली. मान्य.)

आणि लँकाशरच का? तिथेच १६१२ साली पेंडलच्या चेटूक-खटल्यात दहा जणांना फाशी झाली. नऊएक वर्षांच्या मुलीने सख्ख्या आईविरुद्ध साक्ष दिली होती. त्या मातीवर आता स्कोन आणि जॅम.

रात्रपाळी:
खडूसराव, तुम्ही रहस्यकथा वाचता ना? खुनी सापडणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. तिथे नाही वाटत जीव फुकट टांगला असं? प्रेमकथेत शेवट गोड होणार हा वाचकाशी केलेला करार आहे. तो पाळायचा आणि तरीही मधली दोनतीनशे पानं माणसाला सोडवू द्यायची नाहीत, हे कसब आहे. जमत नाही त्यांची पुस्तकं भिकार होतात, आणि तशी ढिगाने आहेत, त्यावर वाद नाही. मी आयसीयूत नर्स आहे. जीव टांगणीला लावायचं काम पगारी करते, घरी येऊन फुकट करणार नाही.

अवांतर: आपल्याला तरी चेटकीण कुठे भीषण भेटली? मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चिंची चेटकिणीला पोरं घाबरत घाबरत हसायचीच.

सातपुड्याची:
माझं माहेर नंदुरबार जिल्ह्यात. आमच्याकडे चिंची नव्हती, डाकीण होती.

मूल दगावलं, म्हैस आटली की भगताकडे जायचं. तो नाव घेतो. नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं निघतं, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीनही असते. मी शाळेत असताना पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी अशीच रातोरात गेली. कुठे, ते कुणी सांगितलं नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण पाड्यापर्यंत कायदा पायी येतो.

मेतकूट:
पण मला तर उलट वाटतं. एकटी, झाडपाला जाणणारी, कुणाला न जुमानणारी, जिला गावाने मारलं तीच ही बाई. इथे तिला घर मिळतं, माणसं मिळतात. हा तिच्या बाजूने घेतलेला सूड नाही का?

सातपुड्याची:
नाही. तुमच्या पुस्तकातली बाई खरोखर चेटकीण असते. भगतही तेच म्हणतो ना? आमची म्हातारी चेटकीण नव्हती. तिला गुडघेदुखी होती आणि दीड एकर होतं.

खडूसराव:
मी बापडा रचनेवरून भांडत होतो. हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

रात्रपाळी:
मुद्दा जोरदार आहे, पण मग राक्षस, परी, वेताळ, सगळंच बंद करावं लागेल. नॉरफकची मिका वाचून कुणी भगताकडे जात नाही. भगताकडे जाणाऱ्याच्या गावात दवाखाना नसतो, हे मी ड्यूटीवर बघते.

सातपुड्याची:
बंद करा असं कुठे म्हटलं? परीला कुणी गावाबाहेर काढलेलं नाही, एवढाच फरक दाखवला.

मेतकूट:
दुपारपासून उत्तर शोधतेय. तुमच्या म्हातारीपुढे ते पुस्तक ठेवायची हिंमत माझ्यात नाही, हे खरं. पण त्या दोन महिन्यांत त्यानेच मला तगवलं, हेही खरं. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते कळत नाहीये.

सातपुड्याची:
नका बसवू. लायब्ररीत तुमचं ते पुस्तक निघालं, नाव लावून ठेवलंय. ग्रंथपालाचं काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी आधीच फोडलंत, तेवढा राग आहे.