शिडीची खरेदी कोणी सांभाळावी: वर्दीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने की वेगळ्या प्रकल्प कक्षाने?

भायखळा_पूल
मुंबई अग्निशमन दलात नवी वाहनं, श्वसनसंच (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा), नवी केंद्रं अशी मोठी कामं कायम चालू असतात. त्यांच्यासाठी अभियंते आणि लेखा विभागाची माणसं घेऊन कायमचा प्रकल्प कक्ष करा, अशी मागणी अधूनमधून होते. माझा तिला ठाम विरोध आहे. प्रकल्पाचा प्रमुख वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, जाणारा अधिकारीच हवा.

वाहनावरच्या उंच शिडीचंच घ्या. कागदावर फक्त उंची दिसते. गिरगाव-भुलेश्वरच्या गल्लीत उंचीच्या आधी तीन गोष्टी आड येतात: वळण, जॅक (वाहन स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) पसरायला लागणारी रुंदी आणि डोक्यावरच्या केबली. एका बाजूचे जॅक पूर्ण पसरले नाहीत, तर यंत्रणा बूमला (शिडीच्या लांबणाऱ्या हाताला) त्या बाजूला ठरावीक पल्ल्यापुढे जाऊच देत नाही. म्हणून निविदेत ‘एका बाजूचे जॅक आखडलेले असताना पल्ला किती’ याचा आलेख मागावाच लागतो. पोडियमचंही (टॉवरखालच्या पसरट मजल्यांच्या छताचंही) तसंच. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे फायर इंजिनाचा मार्ग ४५ टनांचं वाहन पेलणारा हवा. पण वाहन जॅकवर उभं राहिलं की भार चार पायांवर एकवटतो आणि बूम वळेल त्या पायावर वाढतो. त्या पायाखाली ड्रेनेजचं झाकण असलं तर काय होतं, हे खुर्चीत बसून सुचत नाही.

पाकीट_क
साफ असहमत. तुम्ही सांगितलेलं ज्ञान विनिर्देश (नेमकं काय हवं याचा तपशील) लिहायला लागतं, प्रकल्प चालवायला नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

आगीच्या जागी अधिकारी अर्ध्या मिनिटात निर्णय घेतो, बाकीचे तो पाळतात. तिथे तेच बरोबर. खरेदीत हीच सवय घात करते. अधिकाऱ्याला एखादं यंत्र आवडतं, तो त्याचीच मापं विनिर्देशात उतरवतो, निविदापूर्व बैठकीत बाकीचे पुरवठादार हरकत घेतात, शुद्धिपत्रक निघतं, मुदतवाढ होते, शेवटी एकाच पुरवठादाराचं पाकीट येतं आणि फेरनिविदा. तोवर ३१ मार्च उलटतो आणि त्या वर्षाची तरतूद हातची जाते. ‘बूम अमुक मिलिमीटर’ असं न लिहिता ‘पिंजऱ्यात इतकी माणसं, इतका भार, इतका पल्ला’ असं कामगिरीच्या भाषेत लिहिणं हे शिकलेलं कौशल्य आहे. शिवाय केंद्र अधिकाऱ्याची बदली झाली की फाइल पोरकी. कक्षात फाइल माणसावर अवलंबून राहत नाही.

भायखळा_पूल
@पाकीट_क, बदलीचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय म्हणजे कार्यादेशापासून दोष दायित्व कालावधी (ज्यात निघालेले दोष पुरवठादाराने दुरुस्त करायचे) संपेपर्यंत त्या अधिकाऱ्याची बदली न करणं. पण नुसत्या कक्षाने काय होतं ते श्वसनसंचात बघा.

६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण २,०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५१ मिनिटं. माहितीपत्रकात हाच आकडा छापलेला असतो. होज ओढत जिना चढणारा माणूस मिनिटाला ६० लिटर सहज घेतो, म्हणजे ३४ मिनिटं, आणि ५५ बारच्या आसपास शिट्टी वाजायच्या आत बाहेर यायचं असतं. त्यामुळे दर संचामागे जादा सिलिंडर लागतो. मिनिटाला ३०० लिटरचा कॉम्प्रेसर एका सिलिंडरला सुमारे ७ मिनिटं घेतो, २० सिलिंडरांना सव्वादोन तासांहून जास्त. हे गणित न मांडता संच घेतले की पहिल्या लांबलेल्या आगीत रिकामे सिलिंडर रांगेत पडून राहतात. कॉम्प्रेसरची हवा खेचायची नळी इंजिनांच्या धुराजवळ आली तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. ही जागा आराखड्यावर कोण हेरणार?

डोक्यावरची_केबल
कोण सही करतो यावर तुम्ही दोघं भांडताय. प्रकल्प फसतो तो वाहन दारात आल्यानंतर.

शिडी आली, पूजा झाली, फोटो झाले. चालवणार कोण? तिन्ही पाळ्यांना, रजा-आजारपण धरून, प्रत्येक पाळीत किमान दोन तयार यंत्रचालक हवेत. त्यांचं प्रशिक्षण वाहन येण्याआधी सुरू व्हायला हवं. वाऱ्याची मर्यादाही त्यात येते. उत्पादक ती लिहून देतो, सर्वसाधारण १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. जुलैत वरळी सी फेसला तिची आठवण ठेवावीच लागते. मग सुटे भाग. हायड्रॉलिकची सील आणि होज परदेशातून मागवायची वेळ आली की शिडी कार्यशाळेत पडून राहते. देखभाल करार त्याच निविदेत, त्याच तुलनेत धरला नाही, तर स्वस्त शिडी पुढे महाग पडते. केंद्राच्या दाराची उंची आणि फरशीची ताकदही आधी तपासा. नाहीतर नवं वाहन पावसात बाहेर.

पाकीट_क
@डोक्यावरची_केबल, तुम्ही सांगितलेलं प्रत्येक काम प्रकल्प आराखड्यातली एक ओळ आहे: कोण करणार, कधीपर्यंत, कशावर अडलंय. आयात सिलिंडरला नागपूरच्या पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांची सुरक्षा बघणारी केंद्रीय संस्था) मंजुरी लागते, ही ओळ राहून गेली तर माल बंदरात अडकतो. २४ तास वर्दीला बांधलेल्या माणसाने रोज ही यादी चाळायची, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तो थकतो आणि दोन्हीकडे कमी पडतो.

सेक्टर_कमांडर
दलाकडे याचं उत्तर आधीपासून आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्ये आणलेल्या घटना प्रतिसाद प्रणालीत प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि साधनपुरवठा हे वेगळे विभाग आहेत आणि तिघांवर एक प्रमुख. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण. खरेदीलाही हीच मांडणी लावा: प्रमुख दलाचा, नियोजन आणि निविदा कक्षाकडे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीने दलाचे प्रमुख आणि आणखी तीन वरिष्ठ अधिकारी नेले. इतक्या धोक्याच्या नोकरीत चालू कामाची माहिती एकाच डोक्यात ठेवणं परवडणारं नाही. त्यामुळे दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून नेमा.

भायखळा_पूल
ही मांडणी मला चालेल, एका अटीवर. स्वीकृती चाचणीवर अंतिम सही अधिकाऱ्याची. चाचणी पुरवठादाराच्या मोकळ्या मैदानात नको, आपल्याच अरुंद रस्त्यावर, पूर्ण भारासह, श्वसनसंच घातलेली माणसं पिंजऱ्यात घेऊन.

पाकीट_क
चाचणी तशीच व्हावी. पण एकट्याची सही नको. उद्या दक्षता विभागाने विचारलं तर तो एकटा अडकतो, आणि या भीतीने पुढचा अधिकारी सहीच करत नाही, वाहन महिनोन्‌महिने आवारात उभं राहतं. सह्या तीन हव्यात: अधिकारी, यंत्रचालक, कार्यशाळेचा अभियंता. तिघांपैकी एकाने नकार दिला तर कारण लेखी आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली.

भायखळा_पूल
यंत्रचालकाची सही हवीच, तिला कोणी विरोध करू नये. पण तिघांत मतभेद झाला तर शब्द अधिकाऱ्याचाच, यावर मी अडून आहे.